चाल आणि वेग: फरक दिशेचा

रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींसाठी ‘वेग’च वापरतो. ‘चाल’ म्हटलं की गाण्याची चाल किंवा बुद्धिबळातली चाल आठवते. भौतिकशास्त्रात मात्र दोन्ही शब्दांचं काम वेगळं आहे, आणि माझ्या मते गतीच्या धड्यात सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

चाल म्हणजे एकक काळात कापलेलं अंतर. ही अदिश राशी. आकडा आणि एकक सांगितलं की पुरे. वेग म्हणजे एकक काळात झालेलं विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर, दिशेसह. ही सदिश राशी, त्यामुळे दिशेशिवाय अपुरी. एकक दोन्हींचं एकच, मीटर प्रति सेकंद.

समजा, धावपटूनं ४०० मीटरची पूर्ण फेरी ५० सेकंदांत मारली. सरासरी चाल ८ मीटर प्रति सेकंद. सरासरी वेग? शून्य! निघाला तिथेच तो परत आला, म्हणजे विस्थापन झालंच नाही. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही, पण दिशा जमेस धरली की उत्तर हेच येतं.

खरी गंमत वळणावर आहे. गाडीचा काटा ४० वर स्थिर असला, तरी वळताना दिशा बदलते. म्हणजे वेग बदलतो, म्हणजे त्वरण (वेग बदलण्याचा दर) आहे. आणि त्वरण आहे तर बलही हवंच. सपाट रस्त्यावर ते बल टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण पुरवतं. म्हणूनच ओल्या रस्त्यावर वळताना गाडी घसरते. नुसती चाल पाहणाऱ्याला हे बल दिसतच नाही.

आणि हो, काटा दाखवतो ती चाल. ‘वेगमर्यादा’ही खरं तर चालीचीच मर्यादा.