डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट: ऑनलाइन डेटाबेसच्या वर्गाला पुरतं का?

बीसीए, बीसीएस किंवा बीएस्सी कॉम्प्युटरला डेटाबेस ऑनलाइन शिकवायला घेतलं की पहिलं गाडं अडतं ते इन्स्टॉलेशनला. कॉलेजच्या लॅबमध्ये ओरॅकल किंवा मायएसक्यूएल आधीच टाकलेलं असतं. घरी बसलेल्या विद्यार्थ्याला ते स्वतः टाकावं लागतं. सांगली जिल्ह्यातल्या जत किंवा आटपाडीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दीड-दोन जीबीचं ओरॅकल एक्स्प्रेस उतरवणं म्हणजे दोन दिवसांचा डेटा पॅक गेला. मायएसक्यूएल त्या मानाने हलकं आहे, पण त्याची दुखणी वेगळी: रूटचा पासवर्ड विसरला, सर्व्हिस सुरू होत नाही, ३३०६ नंबरचं पोर्ट आधीच्या झॅम्पने (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणाऱ्या पॅकेजने) अडवून ठेवलंय. साठ जणांच्या वर्गात पहिला आठवडा याच तक्रारी सोडवण्यात जातो, आणि सिलेक्ट, म्हणजे डेटा काढून दाखवणारी आज्ञा, शिकवायच्या आधीच पाच-सहा पोरं गळतात.

या ठिकाणी डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट सगळ्यांत आधी हाताशी ठेवावं असं आहे. एसक्यूलाइट हे सर्व्हरशिवाय चालणारं डेटाबेस इंजिन, आणि डीबी ब्राउझर हे त्याच्या फाइली उघडून बघायचं, बदलायचं सॉफ्टवेअर. मोफत आहे, डाउनलोड काही मोजक्या एमबींचं आहे, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, पोर्ट नाही. विंडोजसाठी इन्स्टॉल न करता चालणारी झिप फाइलही मिळते, त्यामुळे सायबर कॅफेतल्या किंवा अ‍ॅडमिनचा पासवर्ड नसलेल्या मशीनवरही ते उघडतं. अख्खा डेटाबेस म्हणजे एक फाइल. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते, पेनड्राइव्हवर नेता येते, बिघडली तर टाकून मूळ प्रत पुन्हा घेता येते. लाइट गेली तरी विद्यार्थ्याचं काम त्याच्या लॅपटॉपवरच असतं, कुठल्या क्लाउडवर अडकत नाही.

ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांच्यासाठी एसक्यूलाइटच्या अधिकृत साइटवर 'फिडल' नावाचं पान आहे. ते ब्राउझरमध्येच इंजिन चालवतं, एकदा लोड झालं की क्वेरी चालवायला सर्व्हर लागत नाही. फक्त पान रिफ्रेश केलं की सगळं जातं, म्हणून टेबलांची स्क्रिप्ट नोट्समध्ये जपून ठेवायला आणि दर वेळी आधी ती चिकटवायला शिकवावं.

वापरताना पहिला घोळ हमखास होतो तो 'राइट चेंजेस' बटणाचा. डीबी ब्राउझरमध्ये ओळ टाकली की ती पडद्यावर लगेच दिसते, पण फाइलमध्ये जात नाही. राइट चेंजेस दाबावं लागतं, किंवा कंट्रोल-एस. विद्यार्थी टेबलं बनवतो, वीस ओळी भरतो, प्रोग्रॅम चालू ठेवून तीच फाइल सबमिशनला अपलोड करतो, आणि तपासणाऱ्याला रिकामी फाइल मिळते. तो विद्यार्थी खोटं बोलत नसतो. म्हणून सबमिशनला डीबी फाइल मागूच नये. फाइल मेनूतल्या एक्स्पोर्टमधून 'डेटाबेस टू एसक्यूएल फाइल' काढायला सांगावं. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून आत काय आहे ते विद्यार्थी स्वतः बघू शकतो.

दुसरा घोळ एक्झिक्यूट एसक्यूएलच्या टॅबमध्ये. एकाखाली एक पाच सिलेक्ट लिहून चालवल्या तर निकाल फक्त शेवटच्या सिलेक्टचा दिसतो. बाकीच्या चालल्याच नाहीत असं वाटून पोरं त्या पुन्हापुन्हा लिहीत बसतात. हवी ती क्वेरी माउसने निवडून कंट्रोल-एंटर दाबायचं, हे पहिल्याच तासाला दाखवावं. आणि स्क्रीन शेअर करण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये जाऊन एसक्यूएल एडिटर आणि डेटा ब्राउझर या दोन्हींचा फॉन्ट १६ ते १८ करावा. अर्धा वर्ग मोबाइलवर बघत असतो, नेहमीच्या फॉन्टमधला स्वल्पविराम त्यांना पूर्णविरामासारखा दिसतो.

इथवर कौतुक खरं आहे. आता जिथे जपावं लागतं तिथे येऊ. एसक्यूलाइट स्वभावाने फार समजूतदार आहे. चूक झाली तरी ओरडत नाही, काहीतरी उत्तर देऊन मोकळं होतं. अ‍ॅप बनवणाऱ्याला ते सोयीचं असेल, शिकणाऱ्याला घातक आहे. वर्गात शेजारी सर उभे असतात. ऑनलाइन शिकताना एरर मेसेज हाच शेजारचा सर असतो, आणि नेमका तोच इथे गप्प राहतो.

उदाहरणासाठी बेदाण्याचा सौदा घेऊ. तासगाव आणि सांगलीच्या मार्केटमुळे शेतकरी, अडत्या, लॉट, दर हे शब्द इथल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत. लॉटच्या टेबलात दर हा कॉलम इंटिजर (पूर्णांक) आहे. कीबोर्ड मराठीवर राहिला आणि विद्यार्थ्याने ब्राउझ डेटाच्या टॅबमध्ये रोमन अंकांऐवजी देवनागरीत २०० टाइप केलं, तर एसक्यूलाइट ते मजकूर म्हणून निमूट ठेवून घेतं. इंटिजर कॉलममध्ये मजकूर! रोमन अंकांत १८० आणि २२० असे दोन दर आहेत आणि तिसरा हा देवनागरी. सरासरी २०० यायला हवी, येते १३३.३३, कारण मजकुराची किंमत शून्य धरली जाते पण ओळ मात्र मोजली जाते. कमाल दर विचारला तर २२० येत नाही, तो देवनागरी २०० येतो, कारण एसक्यूलाइटच्या क्रमात मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. पडद्यावर सगळं बरोबर दिसत असतं. चूक सापडायला किमतीचा प्रकार सांगणारं टाइपऑफ फंक्शन चालवावं लागतं.

यावर औषध आहे. क्रिएट टेबलच्या शेवटच्या कंसानंतर 'स्ट्रिक्ट' हा शब्द लिहायचा. मग चुकीच्या प्रकारची किंमत टाकली की सरळ एरर येते. स्ट्रिक्ट टेबलात व्हारकॅर (कमाल लांबी सांगून लिहायचा मजकुराचा प्रकार) चालत नाही, टेक्स्ट लिहावं लागतं. लांबीचं बंधन हवं तर चेक आणि लेंग्थ वापरून घालावं. साध्या टेबलात व्हारकॅर १० लिहिलं तरी पन्नास अक्षरं खुशाल बसतात, हेही त्याच तासाला दाखवून टाकावं. एक अडचण उरते. स्ट्रिक्ट हे एसक्यूलाइट ३.३७ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२१ पासून आहे, आणि डीबी ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीत आतलं इंजिन त्याआधीचं असतं. तिथे शिक्षकाने पाठवलेली स्ट्रिक्ट टेबलांची फाइल धड उघडतच नाही. म्हणून पहिल्या दिवशी सगळ्यांकडून 'सिलेक्ट एसक्यूलाइट व्हर्जन' हे फंक्शन चालवून घ्यावं आणि आकडा चॅटमध्ये टाकायला लावावा. राइट जॉइन आणि फुल आउटर जॉइन ३.३९ पासून आहेत, तेव्हा त्याच्या खालची आवृत्ती ठेवूच देऊ नये.

फॉरेन कीचं, म्हणजे एका टेबलातला क्रमांक दुसऱ्या टेबलात असलाच पाहिजे या बंधनाचं, दुखणं आणखी खोल आहे. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन की तपासणं मुळात बंद असतं आणि प्रत्येक कनेक्शनला प्रॅग्मा (सेटिंग बदलायची आज्ञा) देऊन चालू करावं लागतं. डीबी ब्राउझर ते सहसा स्वतःहून चालू ठेवतं, 'एडिट प्रॅग्माज' टॅबमध्ये बघता येतं. पण तीच फाइल विद्यार्थ्याने पायथनमधून उघडली तर तिथे ते बंद असतं. म्हणजे टेबलात नसलेल्या ९९ नंबरच्या अडत्याच्या नावावर लॉट टाकायला गेलं तर डीबी ब्राउझर नाकारतं आणि पायथन स्वीकारतं. फाइल एकच, नियम दोन. हे आधी सांगितलं नाही तर 'फॉरेन की कधी चालते, कधी चालत नाही' अशी समजूत पक्की होते. प्रायमरी कीचंही (प्रत्येक ओळ ओळखायच्या कॉलमचंही) एक लक्षात ठेवावं: इंटिजर सोडून दुसऱ्या प्रकारची प्रायमरी की असेल तर साध्या टेबलात तिच्यात नल (किंमतच नसणं) बसतो. नॉट नल वेगळं लिहावंच.

ग्रुप बायची ढिलाई परीक्षेत गुण घालवते. अडत्याप्रमाणे गट करून वजनाची बेरीज मागितली आणि सिलेक्टमध्ये सोबत शेतकऱ्याचं नाव लिहिलं, तर एसक्यूलाइट त्या गटातला कुठला तरी एक शेतकरी दाखवून देतं. पोस्टग्रेएसक्यूएल हे सर्व्हरवर चालणारं दुसरं डेटाबेस सॉफ्टवेअर हीच क्वेरी अडवतं, मायएसक्यूएलही ५.७ पासून नेहमीच्या सेटिंगमध्ये अडवतं. घरी चाललेली क्वेरी लॅबमध्ये एरर का देते, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

मराठी डेटा भरायला द्यावा का? जरूर द्यावा, कारण नॉर्मलायझेशनचं (एकच माहिती पुन्हापुन्हा न लिहिता वेगळ्या टेबलात ठेवण्याचं) इतकं चांगलं उदाहरण दुसरं मिळत नाही. 'कऱ्हाड' हे नाव घ्या. एक कीबोर्ड त्यातला अर्धा र स्वतंत्र 'ऱ' अक्षर वापरून लिहितो, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. लेंग्थ फंक्शन पहिल्याला ६ सांगतं, दुसऱ्याला ७. व्हेअरमध्ये गावाचं नाव टाइप करून शोधलं की अर्ध्या ओळी गायब. शिवाय कोणी 'कराड' लिहितं, कोणी 'तासगांव'वर अनुस्वार देतं. अक्षरांचे आतले कोड दाखवणाऱ्या हेक्स फंक्शनने दोन्ही 'कऱ्हाड' शेजारी शेजारी उलगडून दाखवले की गावांचं वेगळं टेबल आणि त्याला गाव क्रमांक का हवा, हे मुलांना व्याख्येशिवाय पटतं. क्रमवारीतही अशीच गंमत आहे: ऑर्डर बाय युनिकोडच्या क्रमाने जातं, तिथे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. त्यामुळे 'माळी' हे नाव 'मासाळ'च्या आधी येतं, आपल्या वर्णमालेप्रमाणे ते नंतर यायला हवं. टेबलांची आणि कॉलमांची नावं मात्र रोमन लिपीतच ठेवावीत. कीबोर्ड सतत बदलत राहिला की देवनागरी अंक आत शिरतातच.

नक्कल हा ऑनलाइन प्रॅक्टिकलचा जुना रोग. ओरॅकलचं १४ ओळींचं, कर्मचाऱ्यांचं नमुन्याचं एम्प टेबल दिलं तर त्यावरच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंटरनेटवर पडलेलं आहे. त्याची एक युक्ती तेवढी उचलावी: डिपार्टमेंट ४० मध्ये कोणीच कर्मचारी नाही, म्हणून आउटर जॉइनचा (जोडी नसलेल्या ओळीही दाखवणाऱ्या जोडणीचा) फरक दिसतो. तसा आपल्या डेटात एकही लॉट नसलेला अडत्या ठेवावा. दर मात्र रोल नंबरवरून काढावेत. रॅन्डम फंक्शन चालणार नाही, कारण त्याला ठरावीक बीज देता येत नाही आणि दर वेळी आकडे बदलतात. साधं सूत्र पुरतं: रोल नंबर गुणिले ७९१९, अधिक लॉट नंबर गुणिले १०४७२९, या बेरजेला १५१ ने भागून उरलेली बाकी, अधिक १००. दर १०० ते २५० च्या मध्ये पडतात. रोल नंबर २३ च्या पहिल्या लॉटला २१७ येतात, २४ च्या पहिल्या लॉटला १३३. लॉट ६० ठेवावेत. नेमके १५१ ठेवले तर सगळ्यांकडे तेच दर फक्त वेगळ्या क्रमाने येतील आणि बेरीज सगळ्यांची एकच होईल. कमाल दर विचारू नये, तो बहुतेकांचा २५० च्या आसपासच येतो. '१८० पेक्षा जास्त दराच्या लॉटचं एकूण वजन अडत्याप्रमाणे' असा प्रश्न विचारावा.

इंडेक्स, म्हणजे ओळी लवकर शोधायची सूची, शिकवायला डीबी ब्राउझर चांगलं आहे. रिकर्सिव्ह विथ वापरून दोन लाख ओळी बनवाव्यात, 'एक्सप्लेन क्वेरी प्लॅन' चालवावं, स्कॅन दिसेल. इंडेक्स बनवून पुन्हा चालवावं, सर्च आणि इंडेक्सचं नाव दिसेल. ६० ओळींवर वेळेतला फरक कळत नाही. ईआर आकृती काढायची सोय यात नाही. ती कागदावर काढून फोटो मागवावा, तोंडीला तोच बरा पडतो.

ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारे बदल), लॉकिंग, ग्रँट-रिव्होक (युजरला अधिकार देणं-काढणं) आणि स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) या चार गोष्टींसाठी मात्र याच्या नादी लागू नये. एसक्यूलाइटमध्ये युजरच नाहीत, त्यामुळे ग्रँट नाही. स्टोअर्ड प्रोसीजर नाही. लिहिणारा एका वेळी एकच, दुसऱ्याला 'डेटाबेस इज लॉक्ड' एवढंच मिळतं. शिवाय डीबी ब्राउझर पडद्यामागे स्वतःचा सेव्हपॉइंट (मागे परतायची खूण) धरून बसलेलं असतं, त्यामुळे बिगिन आणि रोलबॅकचा खेळ शुद्ध दिसत नाही. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतल्या नेहमीच्या सत्रात साधारण दहावा आठवडा आला की पोस्टग्रेएसक्यूएलकडे वळावं. तेही साठ लॅपटॉपवर टाकायला लावू नये, शिक्षकाच्या एका मशीनवर पुरतं.

स्क्रीनवर पीएसक्यूएलच्या (पोस्टग्रेएसक्यूएलला आज्ञा द्यायच्या प्रोग्रॅमच्या) दोन खिडक्या शेजारी ठेवायच्या, दोन्हींत बिगिन करायचं. डावीकडे लॉट १ चा दर बदला, उजवीकडे लॉट २ चा. मग डावीकडे लॉट २ बदलायला जा, खिडकी थांबून राहते. इथे अर्धा मिनिट काहीही न बोलता थांबावं आणि चॅटमध्ये अंदाज मागवावेत. त्यानंतर उजवीकडे लॉट १ बदला. नेहमीच्या सेटिंगमध्ये एका सेकंदात पोस्टग्रेएसक्यूएल डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडून बसणं) ओळखतं, दोघांपैकी एकाचं काम रद्द करतं आणि दुसरी खिडकी सुटते. रद्द झालेल्या खिडकीत रोलबॅक दिल्याशिवाय पुढची कुठलीच क्वेरी चालत नाही, तेव्हा रेकॉर्डिंग तिथेच बंद करू नका.