स्वीप्स कॉइन काढायचे कुठे? बँकेत की गिफ्ट कार्डावर?

स्वीपस्टेक्स कॅसिनोत, म्हणजे थेट पैशांऐवजी कॉइनवर चालणाऱ्या अमेरिकेतल्या ऑनलाइन कॅसिनोत, जिंकलेले कॉइन बँकेत घ्यावेत की गिफ्ट कार्डावर, हे गेल्या काही महिन्यांत मला दोन मित्रांनी विचारलं. एक माझ्यासारखाच टेक्सासमध्ये राहतो, दुसरा कॅलिफोर्नियात. मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत, आणि आता दहातल्या आठ वेळा एकच वापरतो. गोल्ड कॉइन नुसते खेळण्यापुरते, बक्षीस म्हणून काढता येतात ते स्वीप्स कॉइन, एका स्वीप्स कॉइनला एक डॉलर. खाली कॉइन म्हणतोय ते स्वीप्स कॉइनच.

तिसरी पद्धत क्रिप्टोची. स्टेक.यूएस या साइटवर तीच रुळलेली आहे. आधीपासून क्रिप्टो ठेवायचं वॉलेट असेल आणि करासाठी विक्रीची वेगळी नोंद ठेवायची तयारी असेल तर घ्या. केवळ कॅसिनोतले शंभर डॉलर काढायला नवीन वॉलेट उघडणं मला तरी पटलं नाही.

आता बँक. पैसे थेट खात्यात येतात, त्यांतून घरभाडं जातं, क्रेडिट कार्डाचं बिल जातं, सांगलीला आईला पाठवता येतात. गिफ्ट कार्डातून यातलं काहीच होत नाही. मोठी रक्कम लागली, समजा पाचशे-हजार डॉलर, तर ती गिफ्ट कार्डांवर घेऊन करायचं काय? तिथे बँकच बरी, यात माझ्याही मनात शंका नाही. एकदा खातं मंजूर झालं की मला पैसे यायला साधारण तीन कामाचे दिवस लागतात.

पण ते ‘एकदा मंजूर झालं की’ हीच खरी अडचण आहे, आणि ती आपल्या लोकांना जरा जास्तच येते.

माझ्या लायसन्सवर पहिल्या ओळीत आडनाव आहे, दुसऱ्या ओळीत माझं नाव आणि त्याला लागून वडिलांचं नाव. बँकेतलं खातं मी इथे आलो तेव्हा उघडलेलं, त्यात वडिलांचं नाव नाहीच. पुढे ते बायकोबरोबर जॉइंट केलं. स्टेटमेंटवर आधी तिचं नाव छापून येतं : तिचं नाव, मग मधलं नाव म्हणून माझं नाव, मग आडनाव. त्याखालच्या ओळीत मी. म्हणजे एकाच कागदावर माझं नाव दोनदा, आणि वडिलांचं नाव कुठेच नाही. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. पण कागद तपासणाऱ्या माणसासमोर लायसन्सवर तीन नावांचा एक माणूस असतो, आणि स्टेटमेंटवर त्याच्याशी अर्धवट जुळणारे दोन.

मी ११८ कॉइन बँकेत काढायची मागणी टाकली होती. त्या साइटवर बँकेसाठी किमान १०० लागत. सहाव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, मेल आली : खातेदाराचं नाव जुळत नाही, मागणी रद्द केली आहे. आणि कॉइन? ते पुन्हा खेळाच्या खात्यात जमा. शुक्रवारची रात्र, आठवड्याचा शीण, आणि समोर ११८ कॉइन. मी मनातून हे पैसे केव्हाच खर्चून बसलो होतो, त्यामुळे ते परत आले तेव्हा नव्याने मिळाल्यासारखे वाटले. रविवारी दुपारी खात्यात ३१ उरले होते. १०० ची अट आता गाठता येणार नव्हती, म्हणून नाव दुरुस्त करून पुन्हा मागणी टाकायचाही प्रश्न उरला नाही.

खेळलो मीच, कुणी हात धरला नव्हता. पण पैसे बाहेर निघायला जितके दिवस लागतात तितके दिवस ते परत खेळात येण्याची वाट उघडी राहते, हे मला तेव्हा कळलं. काही ठिकाणी तर मागणी प्रलंबित असताना ती आपणच रद्द करायचं बटणही असतं. माझ्यासाठी निवड तिथेच झाली.

गिफ्ट कार्डाला लायसन्स आणि पत्त्याचा पुरावा एकदाच लागतो, बँकेचं नाव जुळवायची भानगड नाही. किमान मर्यादाही बहुतेक ठिकाणी बरीच खाली असते. मी वापरतो तिथे १० आहे. मला आजवर सगळ्यांत उशिरा आलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आलं, एरवी काही तासांतच मेल येते. कोड हातात आला की तो परत कॉइन होत नाही. गेल्या थंडीत तीन वेळा वीस-पंचवीस करत काढलेल्या कार्डांवर मुलीचे बर्फातले बूट आणि जाकीट घेतलं. ते बूट दारात दिसतात. ११८ कॉइनचं दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नाही.

उणिवा आहेत, त्याही सांगतो. यादीत मोठी अमेरिकन दुकानं असतात. ज्वारीचं पीठ आणि ताजी मेथी जिथून आणतो त्या आमच्या इंडियन स्टोअरचं कार्ड मला कधी दिसलं नाही. कार्डावर तीन-चार डॉलर उरतात आणि विसरले जातात. कुठेही चालणारं व्हिसासारखं कार्ड घेतलंत तर आधी शुल्क बघा.

कॅलिफोर्नियातल्या मित्राचं मात्र ऐकण्यासारखं आहे. गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये एबी ८३१ या विधेयकावर सही केली आणि १ जानेवारी २०२६ पासून तिथे हे कॅसिनो बंद झाले. त्याआधी माँटाना, कनेटिकट आणि न्यू जर्सीनेही २०२५ मध्येच असे कायदे केले होते. बंदीआधी मित्राकडे साठेक कॉइन होते, बँकेसाठी किमान १०० हवे होते. साठाचे शंभर करायला तो खेळत राहिला आणि होते तेही गेले. गिफ्ट कार्डाचा पर्याय त्याच पानावर खाली होता, त्याने तो उघडूनही पाहिला नव्हता. तुमच्या राज्यात असा कायदा येतोय असं कानावर आलं, तर शंभराची वाट बघू नका.

कराच्या बाबतीत दोन्ही सारखेच. कार्डावर घेतलेलं बक्षीसही उत्पन्नच. २०२५ पर्यंत वर्षाला ६०० डॉलरच्या पुढे १०९९-मिस्क हा बक्षिसासारख्या उत्पन्नाची नोंद देणारा कराचा फॉर्म येत असे, २०२६ पासून ती मर्यादा २,००० झाली आहे. फॉर्म आला नाही तरी रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. गिफ्ट कार्डांचा हिशेब आपणच ठेवायचा, मी एक साधी शीट ठेवली आहे. बँकेत ती नोंद आपोआप राहते, हा तिचा मुद्दा मान्य.

सुट्टीत पुण्याला गेलात तर तिथून लॉगिन करू नका, व्हीपीएन लावून तर मुळीच नको. साइट लोकेशन तपासते, खातं गोठलं तर आतले कॉइन अडकतात. शिवाय भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत झाला आहे.

तुमचं खातं तुमच्या एकट्याच्या नावावर असेल, नाव लायसन्सशी अक्षरन् अक्षर जुळत असेल आणि मागणी टाकल्यावर आठवडाभर त्या पानाकडे न फिरकणं तुम्हाला जमत असेल, तर बँक घ्या. मी आता वेगळं खातं उघडून नावाचा घोळ मिटवला आहे, बँकेची मागणी मंजूरही होते. तरी दोनशेच्या आतलं सगळं मी गिफ्ट कार्डावरच काढतो, आणि पंचवीस झाले की त्याच रात्री.