गळणारं वॉशिंग मशीन दुरुस्त केलं: दिवाळी ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

दिवाळीआधी आमचं गळणारं फ्रंट लोड मशीन दुरुस्त करून घेतलं. आता बाजारात आंबे आलेत, म्हणजे बरं-वाईट लिहिण्याइतका वापर झाला. मशीन ९ वर्षं जुनं, बेल्टवर चालणारं. घर पुण्यातल्या धायरीत, त्यामुळे नळाच्या पाण्याइतकाच बोअर आणि टँकरचा आधार.

सगळा खर्च पाणी कुठून येतंय यावर ठरतो. म्हणून मशीनखाली रद्दी पसरून एक धुणं लावलं. पुढे दरवाजाखाली ओलं झालं, तर काचेभोवतीचं रबर किंवा फिल्टरचं झाकण. पाणी भरतानाच मागे थेंब पडले, तर बहुतेक इनलेट पाइपचा वायसर. पाणी बाहेर टाकताना गळलं, तर ड्रेन पंप नाहीतर त्याचा पाइप. पावडर जास्त पडली की ट्रेमधून फेस ओसंडतो, तोही गळतीसारखाच दिसतो. ही सगळी किरकोळ कामं. एवढ्यासाठी ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्याचं मी तरी ऐकणार नाही.

आमच्याकडे मात्र कागद मागच्या बाजूला मधोमध भिजला, वर तांबूस डाग. स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज. मशीन बंद असताना ड्रमची कड धरून वर-खाली केली तर चक्क खुळखुळत होती. म्हणजे ऑइल सील गेलेलं. ड्रमचा शाफ्ट (दांडा) टबच्या, म्हणजे ड्रमबाहेरच्या पाण्याच्या टाकीच्या, पाठीतल्या दोन बेअरिंगमधून बाहेर येतो, आणि पाण्याच्या बाजूला त्यांच्या रक्षणाला हे सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज चढतो. असंच चालवत राहिलं तर शाफ्टही खराब होतो, म्हणून चालढकल नको. शिवाय खाली पाणी साचलेलं असताना मशीनला हात लावण्याआधी प्लग काढायचाच.

कंपनीच्या माणसाने पाहून सांगितलं, “ताई, टब असेंब्लीच बदलावी लागेल.” साडेअकरा हजार! मशीनवर १० वर्षांच्या वॉरंटीचं स्टिकर अजून चकाकतंय, पण ती फक्त मोटरची. मोटर बिचारी ठणठणीत. दुकानात तसंच नवीन मशीन ३० हजारांच्या आसपास, जुन्याचे दोन हजार धरणार होते.

मग ओळखीतल्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी भाव सांगण्याआधी मागचं झाकण उघडून टब बघितला. टबचे दोन अर्धे बोल्टने जोडलेले असतील तर सील-बेअरिंग सुटं बदलता येतं. हल्ली बऱ्याच मशीनमध्ये ते वेल्ड केलेले असतात. मग टब कापून पुन्हा चिकटवायचा. तसलं काम मी करून घेतलं नसतं. आमचा बोल्टचा निघाला. ४२०० रुपये ठरले, पण एका अटीवर: ड्रमला मागून धरणारा ॲल्युमिनियमचा तीन पायांचा सांगाडा, म्हणजे स्पायडर, गंजून खाल्लेला किंवा तडकलेला असेल, तर तिथंच थांबायचं आणि फक्त मजुरी द्यायची. स्पायडर शाबूत होता. आत ६२०५ आणि ६२०६ नंबरची बेअरिंग होती, म्हणजे कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारी. चांगल्या कंपनीची घ्या म्हणून मी आग्रह धरला, आणि जुनी परत मागून घेतली.

आता वापराचं. गळती पूर्ण थांबली. ८०० आरपीएमच्या स्पिनला आवाज जवळजवळ नाही. १२०० ला जाड चादरी असतील तर घुमतं, म्हणून मी ८०० वरच ठेवते. न आवडलेलं म्हणजे काम संपेपर्यंत गॅलरीभर पसारा, आणि दरवाजाच्या रबराची तार नीट न बसल्यामुळे सुरुवातीला पुढून थेंब येत होते. काका फुकट येऊन बसवून गेले. गॅरंटी तीन महिन्यांची, साध्या बिलावर हाताने लिहिलेली. ती कधीच संपली.

महिन्यातून एकदा रिकामं मशीन सायट्रिक ॲसिड घालून गरम पाण्यावर फिरवते, क्षार बसू नयेत म्हणून. पावडरही निम्मी केली. कपडे तितकेच स्वच्छ निघतात, हे जरा चिडचिड करणारं आहे.

मशीनचं इलेक्ट्रॉनिक कार्डही (सर्किट बोर्ड) गेलेलं असतं किंवा स्पायडर खराब निघाला असता, तर मी नवीनच घेतलं असतं. आणि आता पुन्हा त्याच जागेवरून गळलं, तर सील घासतं तिथे शाफ्टच झिजलाय असं समजेन. त्यावर आणखी पैसे घालणार नाही.