मुन्नारला असताना आम्ही दोड्डबेट्टावर कसे होतो?

२१ फेब्रुवारी २०२५ ला सकाळी साडेसात ते साडेदहा मी उटीजवळ दोड्डबेट्टाच्या जंगलात होते आणि तिथे मला निलगिरी शोलाकिली आणि निलगिरी लाफिंगथ्रश हे पक्षी दिसले, अशी नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर माझ्या नावाने होती. त्या सकाळी मी मुन्नारच्या हॉटेलात होते. उटी तिथून दोन-अडीचशे किलोमीटर. आम्ही तिकडे गेलोच नाही.

पैसे गेले, त्याबद्दल पुढे लिहितेच. पण आधी ही खोटी नोंद सांगितली, कारण पैशांपेक्षा ती जास्त लागली. अशा सहलींना जाणारी आपल्याकडची माणसं आता बरीच आहेत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी सातारची. हायस्कुलात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर दुर्बीण घेतली आणि पहाटे सातारच्या ‘चार भिंती’ या जागेकडे, यवतेश्वरच्या घाटात, कासच्या वाटेवर हिंडायला लागले. पावसाळ्यात त्या घाटात शीळकरी कस्तुर गायला लागला की पाय निघत नाही. महाबळेश्वरच्या दाट जंगलात जुलैमध्ये ढग खाली उतरून झाडांत शिरतात, पाऊस थांबला तरी पानांवरून पाणी ठिबकत राहतं, खोडांवर हिरवं शेवाळ चढतं. मुलांना शिकवताना मी सांगायची की, दक्षिणेत उंचावर अशी ढगांत बुडालेली जंगलं आहेत, त्यांना शोला म्हणतात. डोंगरमाथ्यावर गवताळ कुरणं आणि मधल्या घड्यांमध्ये बुटक्या, वाकड्या झाडांचे दाट पट्टे. धुक्यातलं पाणी ती झाडं पानांवर धरतात आणि खालच्या ओढ्यांना देतात. शिकवलं खूप, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपच्या पक्षीमित्र ग्रुपवर जाहिरात आली तेव्हा मन लगेच तिकडे धावलं. सहा रात्री, तीन मुन्नारला, तीन उटीला. माणशी ३८,५०० रुपये, विमानाचा खर्च वेगळा. ‘शोलातले १४ एंडेमिक, १०० टक्के गॅरंटी’. एंडेमिक म्हणजे जगात दुसरीकडे कुठे न सापडणारे पक्षी. मुन्नारजवळच्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या भागात जायची ‘खास परवानगी’. आम्ही सातारचे चौघं तयार झालो: मी, यजमान, माझी मैत्रीण आणि तिचे मिस्टर. कराडचं एक डॉक्टर जोडपं येऊन मिळालं. संयोजक पुण्याकडचा. फोनवर बोलणं अगदी अदबीचं, ‘काकू, तुम्ही फक्त दुर्बीण घेऊन या, बाकी माझ्यावर सोडा.’ निम्मे पैसे लगेच, निम्मे निघण्याआधी आठ दिवस. दोन्ही वेळा पैसे त्याच्या स्वतःच्या यूपीआयवर गेले. पावती मागितली तर ‘पाठवतो काकू’ म्हणाला. ती आजतागायत आलेली नाही.

इथेच थांबायला हवं होतं. पक्ष्याची गॅरंटी देणारा माणूस जंगल ओळखत नाही, किंवा ओळखत असून खोटं बोलतो. धुकं उतरलं की शोलात दहा फुटांवरचं दिसत नाही. चांगला गाइड ‘प्रयत्न करू’ म्हणतो, आणि कुठल्या वेळी, कुठल्या उंचीवर, कशासाठी थांबायचं ते सांगतो.

१९ तारखेला सकाळी आम्ही इरविकुलमसाठी राजमलाला निघालो. गाडीचा ड्रायव्हर मुन्नारचाच, तमिळ बोलणारा, मोडकंतोडकं हिंदी येणारा. निघतानाच तो संयोजकाने आमच्याबरोबर दिलेल्या लीडरला काहीतरी सांगत होता आणि लीडर त्याला गप्प करत होता. मी पुढच्या सीटवर होते. ड्रायव्हर माझ्याकडे वळून म्हणाला, ‘मॅडम, पार्क बंद. बच्चा टाइम.’ तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इरविकुलम निलगिरी ताहर या रानबकऱ्यांसाठी राखलेलं आहे, आणि ताहरच्या माद्या विण्याच्या काळात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, ते दर वर्षी पर्यटकांना बंद असतं. ही लपलेली गोष्ट नाही, वनखातं दर वर्षी जाहीर करतं. मला माहीत होतं आणि तरी तारखा ठरवताना आठवलं नाही, याचं वाईट वाटतं.

गेटवर लीडरने फाइलमधून एक कागद काढला. वर राजमुद्रा, खाली सही-शिक्का. गेटवरच्या माणसाने तो उन्हाकडे धरून दोनदा वाचला, मागची बाजू पाहिली, घडी होती तशीच पुन्हा घातली आणि लीडरच्या हातात न देता माझ्या यजमानांच्या हातात दिला. एक शब्द बोलला नाही. परतताना यजमानांनी गाडीत तो वाचला. ‘परमिशन’ हा शब्द इंग्रजीत तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेला होता. आम्ही तो कागद जपून ठेवला, पुढे तोच कामी आला.

दुसऱ्या दिवशी टॉप स्टेशनच्या पुढे, वट्टवडच्या वाटेवर पाम्बाडुम शोला. हा दिवस मात्र मी विसरणार नाही. झाडांच्या फांद्यांवरून शेवाळाच्या झिरमिळ्या लोंबत होत्या, खोडावर हात ठेवला तर ओला स्पंज दाबल्यासारखं पाणी बोटांतून यायचं. उन्हं वर आली होती तरी आत संध्याकाळ. आणि तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एका दगडावर चिमणीपेक्षा थोडा मोठा, गडद निळसर-राखी पक्षी येऊन बसला. कपाळावर पांढुरकी पट्टी, पोट मधोमध पांढरं. मी श्वास धरून उभी राहिले.

लीडरने खिशातून स्पीकर काढला आणि त्या पक्ष्याचा आवाज लावला. पक्षी दचकला, पुढच्या दगडावर आला, मान उंच करून गायला लागला. आमच्यातल्यांना फोटो मिळत होते, त्यामुळे पहिली पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही, मीही नाही. पण लीडर थांबेना. पाऊण तास तोच आवाज पुन्हा पुन्हा. पक्ष्याला वाटतं दुसरा नर आपल्या जागेत घुसलाय. तो खाणंपिणं सोडून त्याला हाकलायला येतो, समोर कुणीच नसतं, तरी गात राहतो. शेवटी तो पंख थोडे खाली सोडून दगडावर बसला होता, चोच उघडी. मी लीडरला म्हटलं, ‘बाळ, बंद कर आता ते.’ तो म्हणाला, ‘काकू, अजून दोघांचा फोटो राहिलाय.’ वनखात्याचा माणूस आला आणि त्याने स्पीकर बंद करायला लावला.

‘निलगिरी शोलाकिली, लायफर, अभिनंदन!’ असं लीडर सगळ्यांना सांगत होता. लायफर म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी. मी काही बोलले नाही. मला खात्री नव्हती.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण फसवणूक इथेच पकडता येते. पश्चिम घाटाची रांग केरळ-तमिळनाडूच्या सीमेवर एका ठिकाणी तुटते, ती पालघाटची खिंड. रुंदी सुमारे ३० किलोमीटर. थंड, ओल्या शोलाबाहेर न पडणाऱ्या छोट्या पक्ष्यांना ही सखल, उष्ण पट्टी ओलांडता येत नाही. त्यामुळे खिंडीच्या दोन्ही बाजूंना तेच घराणं वेगळं वाढलं. उत्तरेला निलगिरीत निलगिरी शोलाकिली, तिच्या कुशीवर तांबूस रंग. दक्षिणेला मुन्नार-पलनीच्या डोंगरांत पांढऱ्या पोटाची शोलाकिली, तिच्या कुशी निळसर-राखी. लाफिंगथ्रशचंही तेच: उत्तरेला निलगिरी लाफिंगथ्रश, छातीपासून पोटापर्यंत तांबूस, दक्षिणेला पलनी लाफिंगथ्रश, छाती राखी. २०१७ मध्ये व्ही. व्ही. रॉबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय अभ्यासातून दाखवलं की हे पक्षी इतके वेगळे आहेत की त्यांना नव्या प्रजातींत (इंग्रजीत ‘जीनस’) ठेवायला हवं. आज ते शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला या नावांखाली ओळखले जातात. म्हणजे मुन्नारला निलगिरी शोलाकिली दिसणं शक्य नाही. तिच्यासाठी खिंड ओलांडून निलगिरीत जावं लागतं, आणि आम्ही पैसे भरले होते ते दोन्ही बाजू पाहण्यासाठी.

रात्री खोलीत कॅमेऱ्यात फोटो मोठा करून पाहिला. कुशी निळसर-राखी. तांबूस रंगाचा मागमूस नाही.

२१ ला उटीला निघायचं होतं. सकाळी लीडर म्हणाला, ‘काकू, तमिळनाडूचा ई-पास मिळत नाहीये, कोटा संपला.’ मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे मे २०२४ पासून निलगिरीत जाणाऱ्या गाड्यांना ई-पास लागतो, हे खरं. पण तो ऑनलाइन मिळतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. डॉक्टरांनी नाश्त्याला बसल्या बसल्या फोनवर अर्ज भरला आणि आमच्या गाडीचा पास काढला. त्यांनी तो लीडरसमोर धरला. तेव्हा मग खरं बाहेर आलं: उटीला हॉटेलच बुक नव्हतं. संयोजकाने फोन उचलला नाही. उरलेले तीन दिवस चहाची फॅक्टरी, मसाल्याची बाग, चॉकलेटची दुकानं. जिथे जाऊ तिथे लीडर आत जाऊन दुकानदाराशी बोलायचा. मैत्रिणीने तर शेवटच्या दिवशी खोलीतून बाहेर यायलाच नकार दिला.

परतीच्या वाटेवर लीडर एकदा मोठ्या उत्साहाने म्हणाला, ‘निलगिरी वुड पिजन तरी दाखवलं ना, केवढा दुर्मीळ!’ हे कबुतर सुंदर आहे, जगात जवळजवळ फक्त पश्चिम घाटात सापडतं. पण नावात निलगिरी असलं तरी ते आपल्या महाबळेश्वरलाही आहे. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘एल्फिन्स्टोनी’ म्हणजे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन. सातारच्या माणसाला हे मुन्नारला नेऊन विकायची गोष्ट नाही.

घरी आल्यावर आठवड्याने ई-बर्डवर लीडरने शेअर केलेल्या याद्या आल्या. सवयीने मी त्या स्वीकारल्या. नंतर चहा घेत उघडून वाचल्या आणि २१ तारखेची दोड्डबेट्टाची यादी दिसली. तीन तासांत पायी चार किलोमीटर, ४१ पक्षी, सहा निरीक्षक. सहाही जण आम्हीच. त्याच रात्री संयोजकाने नवी जाहिरात टाकली: ‘आमच्या ग्रुपला १४ पैकी १४!’ खाली पुरावा म्हणून तीच यादी.

मला त्या रात्री झोप लागली नाही. देशभरातले लोक रोज सकाळी आपल्या अंगणात, तळ्याकाठी, घाटात उभं राहून जे खरं दिसलं ते लिहितात, त्यावरून कुठला पक्षी कमी होतोय ते ठरतं. २०२० आणि २०२३ चे देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचे अहवाल अशाच नोंदींवर उभे आहेत. निलगिरी शोलाकिलीला राहायला जागाच किती थोडी आहे. तिच्याविषयी खोटी साक्ष माझ्या नावाने दिली गेली.

आता तुम्ही जाणार असाल तर. तारखा ठरवण्याआधी त्या उद्यानाच्या बंदीचा काळ वनखात्याच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. संयोजकाला विचारा, ‘मुन्नारला कुठली शोलाकिली मिळते आणि उटीला कुठली?’ ज्याला येतं तो पटकन सांगेल, खुशीने सांगेल. लीडरचं ई-बर्डवरचं खातं उघडून त्या भागातल्या त्याच्या जुन्या नोंदी वाचा. हॉटेलचं नाव मागून घ्या आणि हॉटेलला स्वतः फोन करून बुकिंग विचारा; आम्ही एक फोन केला असता तर सातारला असतानाच कळलं असतं. पैसे कुणाच्या खाजगी यूपीआयवर न देता बिलासकट संस्थेच्या खात्यावर द्या. कार्यक्रमपत्रिका, बदल झाला तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. आणि शक्य असेल तर स्थानिक गाइड घ्या. आमच्या सहलीत खरं बोललेला एकमेव माणूस म्हणजे तो ड्रायव्हर.

फसवणूक झालीच असेल तर गप्प बसू नका. मी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. संयोजकाने तेव्हा ‘सदिच्छा म्हणून’ माणशी ५,००० रुपये देऊ केले, आम्ही नाकारले. मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यासाठी पुण्याला किंवा केरळला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत करायची. ई-जागृती पोर्टलवर घरी बसून अर्ज भरता येतो. आम्ही जोडलं ते: जाहिरातीचा स्क्रीनशॉट, दोन्ही यूपीआय व्यवहार, गेटवरून परत आलेला कागद, डॉक्टरांनी काढलेला ई-पास, आणि त्या दिवसाचं मुन्नारच्या हॉटेलचं नाश्त्याचं बिल, तारीख-वेळेसकट.

दोड्डबेट्टाची यादी मी माझ्या खात्यातून काढली आणि ई-बर्डच्या तपासनीसांना कळवलं. २० तारखेच्या यादीत पक्ष्याचं नाव दुरुस्त केलं: पांढऱ्या पोटाची शोलाकिली, एक. शेऱ्यात ‘पाऊण तास प्लेबॅक’ असंही लिहिलं. मैत्रीण आणि तिचे मिस्टर यांच्या खात्यांवर ती खोटी यादी अजून आहे, त्यांना ती कशी काढायची कळत नाही. आज संध्याकाळी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. त्या संयोजकाबरोबर याआधी कुणी गेलं असेल, तर आपापल्या खात्यातल्या याद्या एकदा तारखेसकट उघडून पाहा.