विंडोज टेनची मुदत संपली: तोच संगणक ठेवायचा, लिनक्स टाकायचं की नवा लॅपटॉप घ्यायचा?

मावशीचा फोन आला तेव्हा ती इंदूरच्या आरएनटी मार्गावर उभी होती. घरचा सीपीयू तिने तिथल्या एका दुकानात दाखवायला नेला होता. दुकानदाराने तो चालू केला, विंडोज इलेव्हन यावर बसणार नाही असा संदेश पडद्यावर दाखवला आणि म्हणाला, "आंटी, ये तो अब कंडम हो गया, नया ले लो." चिठ्ठीवर चाळीस हजारांचा आकडाही लिहून दिला. "काय करू रे? पैसे घेऊनच आलेय," मावशी म्हणाली. मी म्हटलं, "काही घेऊ नकोस. रिक्षात घाल आणि घरी परत घेऊन ये."

संध्याकाळी रामबागेत तिच्या घरी तो सीपीयू लावला. आत इंटेलचा आठव्या पिढीचा आय फाइव्ह प्रोसेसर होता, २०१८ मध्ये जुळवून घेतलेला. विंडोज इलेव्हनला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. ती या प्रोसेसरमध्ये होतीच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेली होती. इंटेल तिला पीटीटी म्हणतं, एएमडी एफटीपीएम म्हणतं. तो पर्याय चालू केला, सिक्युअर बूट ही सुरक्षित सुरुवातीची सोय चालू केली आणि तोच 'कंडम' संगणक पात्र ठरला. चाळीस हजार वाचले. दुकानदाराला हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, हा प्रश्न मला अजून छळतो, कारण इंदूरच्या किती घरांतून असे चांगले संगणक भंगारात गेले असतील.

म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. तुमच्या घरीही तो संदेश येत असेल तर पैसे काढण्याआधी वाचा.

विंडोज टेन २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. संगणक बंद पडत नाही. फायली उघडतात, छपाई होते, सगळं आधीसारखंच दिसतं. फरक एवढाच की यापुढे त्यात जी नवी भोकं सापडतील ती बुजवली जाणार नाहीत. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. मुदतवाढीची एक सोय मात्र आहे. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने आत यावं लागतं. मग सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर ठेवायला परवानगी दिली तर फुकट, नाहीतर एक हजार रिवॉर्ड पॉइंट किंवा तीस डॉलर. ज्यांना लगेच ठरवायचं नाही त्यांनी आजच ही सोय चालू करावी. विचार करायला वेळ मिळतो, पण वेळच मिळतो. संगणकाचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही.

आता तुमचा संगणक कुठे बसतो ते बघा. इंटेल असेल तर प्रोसेसरचा क्रमांक वाचा. आय फाइव्ह ७२००यू म्हणजे सातवी पिढी, आय फाइव्ह ८२५०यू म्हणजे आठवी. चार आकडी क्रमांकात पहिला आकडा पिढी सांगतो, पण तो आकडा एक असेल किंवा क्रमांक पाच आकडी असेल तर पहिले दोन. आठवी किंवा पुढची असेल तर तो संगणक बहुतेक विंडोज इलेव्हनच्या लायक आहे आणि अडचण बायोसच्या एखाद्या पर्यायाची असू शकते. सातवी किंवा आधीची असेल तर अगदी थोडे अपवाद सोडता नाही. एएमडीवाल्यांनी क्रमांकावरून अंदाज न बांधता संगणक पात्र आहे का ते सांगणारं मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवून बघावं. यूट्यूबवर 'कुठल्याही संगणकावर इलेव्हन टाका' असे उपाय सापडतात आणि ते चालतातही. पण अपात्र यंत्रावर पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. मग ज्या सुरक्षेसाठी हा सगळा खटाटोप, तीच अधांतरी राहते. घरच्या मोठ्यांच्या संगणकावर मी हे कधीच करणार नाही.

सातव्या पिढीपर्यंतचे जे लॅपटॉप उरले, खरा निर्णय त्यांचाच आहे: लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट यंत्रणा, की नवा?

माझं मत आधीच सांगतो. यंत्राचं वय बघून ठरवू नका. एक वही घ्या आणि महिनाभर त्या संगणकावर घरातलं कोण काय काय करतं ते लिहा. सगळी कामं ब्राउझरमध्ये होत असतील, म्हणजे बँक, मेल, वीजबिल, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, रेल्वेची तिकिटं, तर नवा लॅपटॉप घेण्याचं मला तरी कारण दिसत नाही. जुन्या यंत्रावर लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार टाका. यादीत एक जरी काम असं असेल की जे विंडोजवाचून होत नाही, तर सरळ नवा घ्या आणि लिनक्सवर तडजोडी करत बसू नका. आमच्याच घरात दोन्ही प्रकार आहेत.

माझे काका सत्तरीचे, लोकमान्य नगरात राहतात. त्यांचा सहाव्या पिढीचा लॅपटॉप सुरू व्हायलाच चार-पाच मिनिटं घ्यायचा. आधी त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली. जुन्या लॅपटॉपवर करायचा मुख्य खर्च हाच, आणि त्याने पडणारा फरक बाकी कशानेही पडत नाही. रॅम चार जीबी होती, ती आठ केली. मग पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहिलं. लिनक्सची ही सोय मला फार आवडते. काहीही न पुसता, पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण यंत्रणा चालू होते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटर छापतो का, हे चारही आधी तपासता येतं. एचपीचे प्रिंटर बहुतेक आपोआप ओळखले जातात. काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर मात्र लिनक्सवर फार त्रास देतात. तुमचा प्रिंटर तसला निघाला तर तिथेच थांबा.

मिंटची बाविसावी आवृत्ती उबुंटू २४.०४ या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारावर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. म्हणजे काकांचा लॅपटॉप विंडोज टेनच्या मुदतवाढीपेक्षाही कितीतरी पुढे सुरक्षित राहील, तोही परवान्याचे पैसे न देता. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, त्यामुळे काकांना नवं काही शिकावं लागलं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांचे पाच फोन आले, नंतर महिन्याला एखादा.

मराठी टायपिंगबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. कोणी मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहितं, कोणी कीर्तनाची टिपणं काढतं, कोणी गणेशोत्सवाचा अहवाल. तुम्हाला इन्स्क्रिप्ट ही देवनागरी कळफलकाची मांडणी येत असेल तर कुठेच अडचण नाही, विंडोज असो की लिनक्स, मांडणी तीच. शिफ्ट धरून एन दाबलं की 'ळ', शिफ्ट धरून जे दाबलं की 'दुसऱ्या'मधला तो 'ऱ'. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांसाठी विंडोज टेनमध्येच २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलक आहे, तोच इलेव्हनमध्येही मिळतो. लिनक्सवर आयबस (ibus) आणि एम-१७-एन (m17n) ही दोन पॅकेजं टाकली की मराठी फोनेटिक मिळतं, पण ते आपोआप येत नाही. कोणीतरी एकदा बसून करून द्यावं लागतं, आणि एखाददुसरी कळ वेगळी लागते म्हणून हात बसायला आठवडा जातो. काकांचा बसला.

खरी अडचण जुन्या फायलींची आहे. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या फॉन्टांत वीस वर्षांपूर्वी टाइप केलेला मजकूर युनिकोड, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणारा, नाही. फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते. फॉन्टची फाइल लिनक्सवर टाकली की मजकूर वाचता येतो, छापताही येतो. पण श्रीलिपीचं सॉफ्टवेअर आणि पानं मांडायचं पेजमेकर ही विंडोजची कामं. मंडळाचे जुने अंक तुमच्याकडे असतील तर विंडोज पुसायच्या आधी ते युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि एकेक पान मूळ प्रतीशी ताडून बघा. जोडाक्षरं आणि रफार इथे हमखास गडबडतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण समाजाचा इतिहास त्या फायलींत आहे. तो हरवला तर परत कोणी टाइप करणार नाही.

दुसरं घर वहिनीचं, सुदामानगरातलं. ती तीन दुकानांचा हिशेब टॅलीवर सांभाळते. "भाऊजी, तुम्ही काकांना टाकून दिलंत ते मलाही टाकून द्या ना," असं तिने म्हटलं, आणि मी स्पष्ट नाही म्हटलं. टॅलीप्राइम विंडोजवर चालतं. लिनक्सवर ते आडवळणाने चालवायचे मार्ग आहेत, पण विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी ते अडलं तर नुकसान दुकानदाराचं होतं. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरणाऱ्यांनाही हेच सांगेन. तिने नवा लॅपटॉप घेतला आणि तोच निर्णय बरोबर होता.

तिच्याबरोबर सिल्वर मॉलमध्ये आणि जेल रोडला मिळून दोन दुपारी फिरलो, तेव्हा जे बघितलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. पहिली गोष्ट रॅमची. आठ जीबीत विंडोज इलेव्हन चालतं, पण टॅली, एक्सेल आणि दहा टॅब एकदम उघडले की श्वास कोंडतो. सोळा घ्या. निदान रॅमची एक जागा मोकळी आहे का ते विचारा, कारण अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जडवलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. दुसरी गोष्ट नावाची. रायझन फाइव्ह ७५२०यू ऐकायला नवा वाटतो. तो आला २०२२ मध्ये, पण आतली रचना झेन टू, म्हणजे २०१९ ची. एएमडीच्या त्या मालिकेत तिसरा आकडा रचना सांगतो: ७५२० मधला दोन म्हणजे झेन टू, ७५३० मधला तीन म्हणजे झेन थ्री. दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले होते, किमतीत फार अंतर नव्हतं, आणि विक्रेता दोन्हींना 'रायझन फाइव्ह, सेव्हन थाउजंड सीरीज' म्हणत होता.

कोपायलट प्लस असं लिहिलेल्या लॅपटॉपसाठी हिशेबाच्या कामाला जास्तीचे पैसे देऊ नका. त्या नावासाठी प्रोसेसरमध्ये एआयचा वेगळा भाग लागतो, चाळीस टॉप्सचा (टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप), टॅलीला त्याचा काही उपयोग नाही. मात्र त्या नावामागे किमान सोळा जीबी रॅमची अट आहे, तेवढं चांगलं.

किमतीबद्दलही बोलायला हवं. २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली, कारण सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांचा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी वर्षानुवर्षं क्रुशियलची पट्टी आणून जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली त्यांना याचा अर्थ नीट कळेल. म्हणून 'आठचा घेऊ, पुढे वाढवू' हा जुना हिशेब आता धोक्याचा आहे. वाढवायची असेल तर घेतानाच वाढवून घ्या.

आणि दुकानदार विंडोज किंवा ऑफिस 'फुकट' चालू करून देतो म्हणाला तर नाही म्हणा. तसले ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि ज्याच्यावर तीन दुकानांचा हिशेब आहे त्या यंत्राची दारं तुम्ही स्वतः उघडून देता. लिबरऑफिस विंडोजवरही चालतं आणि खरंच फुकट आहे.

मॅकबद्दल थोडक्यात. ॲपलच्या स्वतःच्या एम वन किंवा पुढच्या चिपचा मॅकबुक एअर जुना मिळत असेल आणि कामं ब्राउझरची असतील तर चांगला सौदा आहे. इंटेलचा जुना मॅक कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. इंटेलवर चालणारी मॅकओएसची शेवटची आवृत्ती २०२५ ची टाहो असेल, असं ॲपलने स्वतःच सांगितलं आहे. गूगलची क्रोमओएस फ्लेक्स ही यंत्रणाही जुन्या लॅपटॉपवर फुकट टाकता येते, पण तिच्यात प्ले स्टोअरची ॲप मिळत नाहीत. मिंट असताना मी ती सुचवत नाही.

भाची यंदा अभियांत्रिकीला गेली. तिच्यासाठी ताईने विचारलं तेव्हा मी शाखा विचारली. संगणक शाखा असेल तर जुन्या लॅपटॉपवरचं लिनक्सही पहिली दोन वर्षं उत्तम, उलट शिकायला बरंच. मेकॅनिकल किंवा सिव्हिल असेल तर सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट ही आराखड्यांची सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात, त्यामुळे सोळा जीबीचा नवा लॅपटॉप लागतो. ती सिव्हिलला आहे. पण ताईला म्हटलं, आत्ताच घेऊ नकोस. पहिल्या वर्षी रेव्हिट लागत नाही, तोवर घरातला जुना चालेल.

काहीही ठरवलंत तरी पुसण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा आणि ती डिस्क दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. नवा विंडोज इलेव्हनचा लॅपटॉप असेल तर तो मायक्रोसॉफ्टच्या खात्याने चालू केल्यावर डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची किल्ली, अठ्ठेचाळीस आकड्यांची, त्या खात्यात ठेवली जाते. वहिनीची ती किल्ली मी छापून घेतली. दुकानांच्या वह्यांच्या कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ती ठेवलेली आहे.