थकलेला पगार, गेलेली नोकरी: ब्रिटनमध्ये एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल की काउंटी कोर्ट?

इंग्लंड किंवा वेल्समध्ये नोकरी सुटली, शेवटचा पगार अडकला आणि वर कंपनीने ट्रेनिंगच्या खर्चाची वसुली काढली, तर दाद मागायला दोन जागा आहेत: नोकरीचेच तंटे ऐकणारं एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनल आणि दिवाणी दाव्यांचं काउंटी कोर्ट. महाराष्ट्र-गोव्यातून तिकडे केअर होममध्ये, रुग्णालयात किंवा आयटीत कामाला गेलेल्यांनी "जिथे फी नाही तिथे जाऊ" एवढ्यावर निर्णय घेऊ नये. चुकीच्या ठिकाणी अर्ज केला तर खरा दावाही बुडतो. कधी कधी तर त्या अर्जामुळेच मालकाला तुमच्यावर उलटता येतं.

काही तक्रारींत निवडीचा प्रश्नच येत नाही. अन्याय्य बडतर्फी, नोकरीतला भेदभाव, गैरप्रकार उघड केल्याबद्दल झालेला छळ, हे सगळं ट्रायब्युनलचंच काम. दोन्हीपैकी एक निवडायची वेळ येते ती पैशांच्या बाबतीत: पगार, नोटिशीच्या काळाचे पैसे, कबूल केलेला बोनस.

पहिला फरक मुदतीचा, आणि सर्वांत जास्त माणसं इथेच अडकतात. काउंटी कोर्टात करारभंगाचा दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो. ट्रायब्युनलला तीन महिन्यांत एक दिवस कमी: 10 मार्चला नोकरी गेली, तर शेवटची तारीख 9 जून. 2025 च्या एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्टमध्ये ही मुदत सहा महिने करण्याची तरतूद आहे, पण त्या कायद्याचा अंमल टप्प्याटप्प्याने होतो. तुमच्या तारखेला बदल लागू आहे याची खात्री होईपर्यंत तीनच महिने धरा. कंपनीत केलेलं अंतर्गत अपील प्रलंबित असलं म्हणून मुदत थांबत नाही. "एचआरचं उत्तर येऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्याचे दिवस तसेच निघून जातात.

मुदत थांबते ती एकॅसकडे कळवल्यावर. ही समेट घडवणारी सरकारी संस्था, सेवा मोफत. जवळपास प्रत्येक दाव्याआधी तिच्याकडे नोंद करावीच लागते. 1 डिसेंबर 2025 पासून समेटाचा हा काळ 12 आठवड्यांपर्यंत चालू शकतो. समेट झाला नाही तर क्रमांक असलेलं प्रमाणपत्र मिळतं, आणि तो क्रमांक ईटी1 या अर्जात घालावा लागतो. प्रमाणपत्रावर आणि अर्जात मालकाचं नाव एकच हवं. पे-स्लिपवर एक कंपनी, करारावर दुसरी आणि दारावरच्या पाटीवर तिसरंच नाव, असं सर्रास दिसतं. कंपनीज हाउस या सरकारी कार्यालयाच्या कंपन्यांच्या नोंदवहीत नाव तपासा. दोघांवर दावा असेल तर दोन प्रमाणपत्रं घ्या. काउंटी कोर्टाला एकॅसची अट नाही, मात्र दाव्याआधी मागणीचं पत्र पाठवून उत्तराला वाजवी वेळ द्यावा लागतो.

आता समोर कोण बसतं ते. काउंटी कोर्टात पैशांचे दावे बहुधा डिस्ट्रिक्ट जज एकटा ऐकतो. त्याच दिवशी त्याच्यापुढे घरभाड्याचा आणि गाडीच्या अपघाताचा तंटाही असू शकतो. ट्रायब्युनलचा एम्प्लॉयमेंट जज फक्त नोकरीचेच खटले बघतो. पगाराचे, आणि बडतर्फीचेही बरेचसे खटले तो एकटाच ऐकतो. भेदभाव किंवा गैरप्रकार उघड करण्याच्या खटल्यांत साधारणपणे तिघं बसतात: मध्ये न्यायाधीश, बाजूला दोन बिगरवकील सदस्य. त्यांतल्या एकाला मालकाच्या बाजूने माणसं सांभाळण्याचा अनुभव असतो, दुसऱ्याला कामगारांच्या बाजूचा. मात्र ते त्या-त्या बाजूचे वकील नसतात. दोघांनाही निःपक्षपातीपणे बसावं लागतं. तिघांच्या मताला सारखंच वजन, म्हणजे दोन सदस्य मिळून न्यायाधीशाच्या विरोधात निकाल देऊ शकतात. रोटा, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, कसा लावतात, शिफ्ट बदलताना काय बोललं जातं, "आमच्याकडे सगळ्यांनाच असं वागवतात" या बचावात किती तथ्य आहे, हे कामाच्या जागी वर्षं काढलेल्या माणसाला चटकन कळतं. खटल्यात किती जण बसावेत हे 2024 पासून बरंचसं न्यायाधीशांच्या निर्णयावर आहे, आणि पक्षकारांना मत मांडता येतं. तंटा वागणुकीचा असेल तर तिघंच मागावेत, असं आम्ही आग्रहाने सांगू. नुसता हिशेब असेल तर एक न्यायाधीश पुरे.

खर्चात ट्रायब्युनल सरळ सरळ उजवं आहे. 2013 मध्ये तिथे फी लावली होती. युनिसन या कामगार संघटनेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये ती बेकायदा ठरवली. आज दाव्याला फी नाही आणि हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचा खर्च सहसा तुमच्या अंगावर येत नाही, अपवाद अवाजवी वागणुकीचा किंवा मुळात दमच नसलेल्या दाव्याचा. काउंटी कोर्टात 5,000 ते 10,000 पौंडांच्या दाव्याला 455 पौंड फी, सुनावणीची वेगळी. 10,000 पर्यंतचे दावे बहुतेक स्मॉल क्लेम या छोट्या दाव्यांच्या पद्धतीत जातात, तिथे हरलात तरी खर्चाचा धोका मर्यादित. त्यापुढे मात्र हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा नेहमीचा नियम.

एक सापळा फार थोड्यांना ठाऊक असतो. ट्रायब्युनलमध्ये "वेतनातून बेकायदा कपात" आणि "करारभंग" हे दोन वेगळे दावे आहेत, अर्जात वेगळे मांडावे लागतात. थकलेला पगार कपातीत बसतो. नोटिशीऐवजी मिळायचे पैसे वेतनात मोडत नाहीत, त्यामुळे ते करारभंगात जातात. तुम्ही करारभंगाचा दावा केला की मालकाला तिथेच उलट दावा करण्याची मुभा मिळते: बाँड, ट्रेनिंग, लॅपटॉप, असं करारातून निघणारं येणं. तुम्ही नंतर माघार घेतलीत तरी त्याचा दावा चालू राहतो. फक्त कपातीचा दावा केलात, तर त्याला ट्रायब्युनलमध्ये उलट दावा करता येत नाही. वसुलीसाठी त्याला फी भरून काउंटी कोर्टात जावं लागतं. म्हणून नोटिशीचे 900 पौंड येणं आणि बाँड 4,000 चा असेल, तर त्या 900 साठी करारभंग मांडण्याआधी दोनदा विचार करा.

मर्यादाही बघा. ट्रायब्युनल करारभंगासाठी 25,000 पौंडांवर देत नाही, आणि राहिलेली रक्कम नंतर कोर्टात मागता येत नाही. करारभंगाचं 31,000 येणं असेल तर थेट कोर्टात जा. करारभंगाचा दावा नोकरी संपल्यावरच करता येतो, आणि कपातीचा दावा साधारण दोन वर्षांमागे जात नाही. जुनी, मोठी किंवा मुदत उलटलेली थकबाकी असेल तर काउंटी कोर्टच.

जिंकल्यावरचं कामही दोन्हीकडे जवळपास सारखंच. ट्रायब्युनल स्वतः वसुली करत नाही. मालकाने पैसे दिले नाहीत तर निकाल कोर्टामार्फत बजावून घ्यावा लागतो. कंपनी दिवाळखोरीत निघाली असेल तर आधी सरकारच्या रिडंडन्सी पेमेंट्स सर्व्हिसकडे अर्ज करा. तिथून थकलेला पगार आठ आठवड्यांपर्यंत, आठवड्याच्या ठरलेल्या कमाल रकमेत मिळू शकतो.

दावा चालू आहे म्हणून व्हिसा वाढत नाही. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्यांना नोकरी सुटल्यावर साधारण 60 दिवस मिळतात आणि ट्रायब्युनलची तारीख त्याच्या खूप नंतरची असू शकते. भारतातून व्हिडिओवर साक्ष द्यायची असेल तर त्याला भारताची हरकत नाही ना, हे आधी पाहिलं जातं. त्यामुळे मायदेशी परतायचं ठरताच ट्रायब्युनलला लेखी कळवा. मराठी दुभाषा हवा असेल तर ईटी1 मध्येच लिहा, त्याचा खर्च तुम्हाला द्यावा लागत नाही.