‘पाच वर्षं बघायला नको’ म्हणून विकलेला बॅरल

रबाळे, महापे, पवणे किंवा वागळे इस्टेटला ज्यांचा प्लास्टिक मोल्डिंगचा गाळा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. साधा नायट्राइड केलेला स्क्रू-बॅरल बायमेटलिक म्हणून गळ्यात मारणारा एक इसम आपल्या पट्ट्यात फिरतोय. (बॅरल म्हणजे मशीनची तापवलेली नळी, तिच्यात फिरणारा स्क्रू दाणा वितळवत पुढे ढकलतो.) आमचे पैसे त्यात गेले. तक्रार दिलेली आहे, म्हणून नाव टाकत नाही. पण त्याने काय काय केलं ते सगळं सांगतो.

आमचं काम नायलॉनचं. तीस टक्के ग्लासचा दाणा, त्यातून पॅनेलचे टर्मिनल ब्लॉक निघतात. ग्लास म्हणजे काचेचे बारीक तंतू. मागच्या बाजूला, हॉपरखाली म्हणजे जिथून दाणा आत पडतो तिथे, दाणा अजून वितळलेला नसतो. तेव्हा ही काच स्क्रूच्या आट्यांना आणि बॅरलला खरवडत पुढे जाते. पीपी किंवा एलडीसारख्या साध्या प्लास्टिकवर वर्षानुवर्षं चालणारा नायट्राइडचा सेट ग्लासवर काही महिन्यांत रडायला लागतो, हे या लाइनीत कुणाला सांगायला नको. म्हणूनच जवळपास दुप्पट भाव मोजून बायमेटलिक घ्यायचं ठरलं.

दोन्हीतला फरक नीट समजून घ्या, कारण सगळी बनवाबनवी त्यातच आहे. नायट्रायडिंगमध्ये बॅरलचं स्टील तेच राहतं, आपल्याकडे बहुतेक वेळा ईएन ४१ बी. भट्टीत नायट्रोजन मुरवून वरची ०.३ ते ०.५ मिलिमीटरची कातडी तेवढी कडक होते. ती झिजली की खाली मऊ लोखंड, आणि मग झीज धावत सुटते. बायमेटलिक बॅरलमध्ये आतून वेगळ्याच मिश्रधातूचं अस्तर ओतलेलं असतं, साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचं. आणि आता मुख्य गोष्ट: वरवरच्या कडकपणात नायट्राइड बायमेटलिकला हार जात नाही, उलट कधी कधी जास्तच भरतं. फरक आहे तो जाडीत.

गृहस्थ माल घेऊन आले ते ग्रीस फासलेल्या कागदात गुंडाळलेला. आमच्याच बेंचवरची कानस उचलली, बोअरच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या भोकाच्या, तोंडाशी घासली. कानस सरकली, ओरखडा नाही. ‘‘बघा शेठ, कानस धरतच नाही. ग्लास चालवा, काय वाटेल ते चालवा, पाच वर्षं बघायला नको.’’ आमचा फिटरही मान डोलवत होता. वर सांगितलेली जाडीची गोष्ट लक्षात घेतलीत तर कळेल की ही परीक्षा नायट्राइडचा बॅरलही आरामात पास होतो. आतापर्यंत किती गाळ्यांत ही कानस फिरली असेल, देव जाणे.

त्या पाच वर्षांबद्दल थोडं बोलायलाच हवं. या माणसाने आम्हाला ग्लास किती टक्के ते विचारलं नाही. फ्लेम रिटार्डंटचा (आग न धरणारा) दाणा चालतो का, रिग्राइंड (दळलेला जुना माल) किती मिसळता, किती शिफ्ट चालवता, दाणा सुकवून घालता का, झोनचं तापमान काय, यातलं एक अक्षर नाही. स्क्रू किती टिकणार ते या उत्तरांवर ठरतं. फ्लेम रिटार्डंटवाला दाणा नोझलकडे जास्त तापला तर त्यातून सुटणारे वायू धातू खातात, ती झीज निराळी आणि तिला लागणारं अस्तरही निराळं. मशीनच्या बाकी भागांचंही तेच. हीटर बँड, थर्मोकपल, सील बदलत राहावे लागतात. टॉगलचे, म्हणजे मोल्ड बंद करणाऱ्या सांध्यांचे, पिन-बुश वंगणावर जगतात. मोल्ड एका अंगाला न बांधता नीट मध्यावर बांधला, तर मोल्डभोवतीचे दांडे, म्हणजे टाय बार, मशीनची सोबत करतात. हे काही न विचारता जो थेट वर्षं सांगतो, त्याला माल खपवायचा असतो.

सुरुवातीचे काही महिने मजेत गेले. मग रात्रपाळीचा ऑपरेटर सांगायला लागला, ‘‘शेठ, कुशन धरत नाही.’’ कुशन म्हणजे शॉट मारल्यावर स्क्रूपुढे उरायला हवा तो थोडा वितळलेला माल; तो उरत नव्हता, स्क्रू पुढे जाऊन थेट टेकत होता. पुढच्या शॉटचा माल भरून घ्यायची, म्हणजे रिफिलची, वेळ वाढली, तुकड्याचं वजन कमी-जास्त यायला लागलं, शॉर्ट शॉट (अर्धवट भरलेले तुकडे) सुरू झाले. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला चेक रिंग (स्क्रूच्या टोकाची, माल मागे न जाऊ देणारी कडी) गेली असेल, आणि नवी चेक रिंग त्यानेच विकली! तीही बसवली, फरक शून्य. मग दाण्यात ओल आहे, मग तुमची पोरं थंड बॅरलवर स्क्रू फिरवतात, असं एकेक सुरू झालं.

शेवटी स्क्रू बाहेर काढला आणि बोअर गेजने मापं घेतली. बॅरल ५० मिलिमीटरचा. नोझलच्या टोकाशी ५०.०५, आणि जिथे काच सगळ्यात जास्त घासते तिथे ५०.९. म्हणजे एका बाजूला ०.४ मिलिमीटरच्या वर गेलेलं. कातडी संपली होती.

वागळेतल्या एका टूलरूमच्या तात्यांनी पुढची सोपी तपासणी करून दाखवली. बॅरलच्या टोकाची चकती कापली, तोंड एमरी पेपरने गुळगुळीत केलं आणि स्पिरिटमध्ये नायट्रिक अॅसिडचे थेंब टाकून केलेला द्राव कापसाने फिरवला. (हे घरी करू नका, त्यांच्याकडे हातमोजे आणि सवय दोन्ही आहे.) खऱ्या बायमेटलिकमध्ये बोअरभोवती दीड-दोन मिलिमीटरचं वेगळ्या रंगाचं कडं स्पष्ट उमटतं. आमच्या चकतीवर बोअरलगत केसासारखी एक काळपट रेघ आली आणि पलीकडे सगळं एकाच रंगाचं स्टील. तात्या म्हणाले, ‘‘अस्तर झिजलं नाही रे, ते नव्हतंच कधी.’’

फोटो पाठवले तेव्हा विक्रेत्याने बिल काढलं. कोटेशन व्हॉट्सॲपवर होतं, त्यात ‘बायमेटलिक’ ठळक. जीएसटी बिलावर मात्र फक्त ‘स्क्रू बॅरल सेट’, आणि खाली बारीक अक्षरात ‘झीज होणाऱ्या भागांना वॉरंटी नाही’. अख्खा सेटच झिजणारा भाग, म्हणजे वॉरंटी कशाची दिली होती ते त्यालाच ठाऊक. शेवटी तडजोड काय सुचवली, तर हाच बॅरल होन करून, म्हणजे आतून घासून मोठा करून, मोठ्या मापाचा स्क्रू निम्म्या किमतीत देतो. ज्यात अस्तरच नाही तो होन करून मऊ लोखंडच आणखी उघडं पडणार.

वकिलांनी सांगितलेलं थोडक्यात: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू बसत नाही, फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरती घेतली असेल तर सूट आहे. पाळ्या चालवणाऱ्या गाळ्याला तो रस्ता अवघड. खोटं सांगून विकल्याची फौजदारी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली होते, आणि तिथे व्हॉट्सॲपचं कोटेशन कामाला येतं. ते चॅट डिलीट करू नका, फोन बदलण्याआधी बॅकअप घ्या.

नव्या सेटची ऑर्डर दुसरीकडे दिली तेव्हा पर्चेस ऑर्डरवर अस्तराचा प्रकार, किमान जाडी, स्क्रूच्या आट्यांवर हार्डफेसिंग (कडक धातूचा थर) आणि बिलावर हेच शब्द, असं सगळं लिहून घेतलं. स्क्रू नायट्राइडचा आणि बॅरल तेवढा बायमेटलिक असाही माल खपतो, म्हणून आट्यांचं वेगळं लिहायचं. शिवाय पाठवण्याआधी टोकाच्या तोंडावर आमच्यासमोर अॅसिड फिरवायचं, ही अट घातली. एका सप्लायरने त्यावर फोन घेणंच बंद केलं. दुसऱ्याने हसून, ‘‘या कधीही, चहा घेऊ,’’ म्हटलं. ऑर्डर त्याला दिली.